डोंगराचं दिसणं मोजता येतं

डोंगरमाथ्यावरच्या टॉवरला किंवा घाटातल्या वसाहतीला कुणी हरकत घेतली की तोच मजकूर ग्रुपवर फिरू लागतो: "दिसणं ही ज्याच्या त्याच्या नजरेची गोष्ट. ते मोजता येत नाही, कायद्यात बसत नाही, त्यापायी विकास अडतो. पोट भरलेल्यांचे हे चोचले, आणि चार वर्षांत सगळ्यांना सवय होतेच." वाचताना पटतं, म्हणूनच एकेक मुद्दा तपासायला हवा.

मोजता येत नाही? हात पुढे ताणून अंगठा आडवा धरा. त्याची जाडी डोळ्याशी साधारण 2 अंशांचा कोन करते. दीड किलोमीटरवरचा 50 मीटर उंच टॉवर जवळपास तेवढाच दिसतो, 10 किलोमीटरवरून 0.3 अंशही नाही. बांधकामाचा दृश्यावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन करणारे तज्ज्ञ याच्या पुढे जातात. जमिनीच्या उंचसखलपणाची माहिती संगणकात घालून बांधकाम कुठल्या गावांतून, कुठल्या वळणांवरून दिसेल याचा नकाशा काढतात. मग ठरलेल्या जागांवरून फोटो घेऊन त्यात प्रकल्प खऱ्या मापात बसवतात. कधी नियोजित उंचीवर फुगा सोडतात, म्हणजे कुणालाही आपल्या अंगणातून बघता येतं. आवडनिवड येते ती शेवटच्या पायरीवर, परिणाम किती गंभीर ते ठरवताना, आणि तिथेही कारणं लिहून द्यावी लागतात. त्यांच्या अहवालातल्या फोटोची तारीख मात्र जरूर बघा. मे महिन्याच्या धुरकट हवेत समोरचा डोंगरच पुसट असतो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, त्याच जागी उभं राहिलं की कड्याची घडी न् घडी दिसते.

कायद्यात बसत नाही, हेही खरं नाही. पर्यावरण परवानगीच्या 2006 च्या अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी जो फॉर्म वन-ए आहे, त्यात बांधकामामुळे दृश्य किंवा निसर्गसौंदर्य अडेल का, असा प्रश्न सरळ विचारलेला आहे. उणीव आहे ती वेगळी: पवनचक्क्यांचे प्रकल्प या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत, आणि त्या तर मुद्दाम वाऱ्याच्या माथ्यावर उभ्या करतात.

विकास अडतो म्हणणाऱ्यांनी जर्मनीतलं ड्रेस्डेन बघावं. एल्ब नदीचं तिथलं खोरं 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. त्यावरून चौपदरी पूल जाणार होता. नदी ओलांडूच नका असं युनेस्कोनं म्हटलं नव्हतं, बोगद्याचा पर्याय सुचवला होता. पूलच बांधायला घेतला आणि 2009 मध्ये यादीतून नाव गेलं. दृश्याच्या मूल्यमापनातून बहुतेकदा एवढंच निघतं: जागा थोडी खाली घ्या, माथ्याची रेघ सोडा, रंग बदला, रस्त्यासाठी डोंगर कापताना लाल जखम गावाच्या बाजूला पडू देऊ नका.

चोचल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. 'व्हॅली व्ह्यू' म्हणून जास्त भाव लावून फ्लॅट विकले जातात. म्हणजे दृश्याला किंमत आहेच. ती भरणारा शनिवार-रविवारी येतो, आणि डोंगराच्या जागी इमारतीची पाठ वर्षभर बघतो तो पायथ्याचा माणूस. त्याच्या नुकसानीला चोचले म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिली सवय. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून नवख्याला सिंहगड कसा दाखवतात? "तो टॉवर दिसतो ना, तोच." मीही वर्षानुवर्षं असंच सांगत आलो. प्रक्षेपणाला उंची लागते, टॉवर गरजेचा होता, तो काढा असं माझं म्हणणं नाही. पण ज्या किल्ल्याची ओळख त्याच्या कड्यांनी व्हावी, तो आम्ही लोखंडाच्या खांबावरून ओळखू लागलो. सवय म्हणतात ती हीच, आणि तिने नुकसान भरून येत नाही, फक्त दिसेनासं होतं. म्हणून मोजमाप बांधकामाआधी व्हायला हवं, जुनं रूप पाहिलेली माणसं असताना. राजगडासह 12 किल्ले जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा झाले, तेही 'मराठा लष्करी भूदृश्यं' म्हणून. म्हणजे मान नुसत्या तटबंदीला मिळालेला नाही.

हल्ली बालेकिल्ल्यावर मुलं बरोबर असली की मी आधी सिंहगडाच्या कड्याची रेघ बोटानं गिरवून दाखवतो. टॉवर त्यांना आपोआप दिसतो.