‘साहेबाच्या काळी वेडे बरे होऊन घरी जात’ हे खरं नाही

मनोरुग्णालयाच्या दुरवस्थेची बातमी आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. इंग्रजांनी माणुसकीपोटी वेड्यांची इस्पितळं काढली, रुग्णांना कामाला लावून बरं केलं. जे दगावले ते मरणपंथाला लागूनच आले होते. स्वातंत्र्यानंतर आपण सगळं धुळीला मिळवलं. वाचायला पटण्यासारखं आहे, पण तपासायला घेतलं की एकेक विधान गळून पडतं.

आधी माणुसकी. वेड्यांच्या इस्पितळांचा १८५८ चा कायदा सुरू होतो तो पोलिसापासून. रस्त्यावर भटकणारा, धोकादायक वाटणारा वेडा दिसला की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, डॉक्टरने तपासायचं आणि हुकूम निघाला की आत पाठवायचं. बऱ्याच प्रांतांत या संस्थांवर देखरेख होती ती तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलची, तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. कंपनीच्या आणि सरकारच्या नोकरीतल्या गोऱ्या रुग्णांची सोय मात्र वेगळी होती. त्यांना जहाजाने विलायतेला पाठवत, आधी लंडनच्या पेम्ब्रोक हाऊस या वेड्यांच्या इस्पितळात आणि १८७० पासून ईलिंगच्या रॉयल इंडिया असायलममध्ये (असायलम म्हणजे वेड्यांचं इस्पितळ). आणि सगळं बांधकाम साहेबाच्या खर्चाने झालं असंही नाही. ठाण्याचं १९०१ चं इस्पितळ नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलं.

कामाने बरं वाटतं, हे खरं आहे. आजही मनोरुग्णांना हाताला काम देतातच. पण तेव्हाच्या वार्षिक अहवालांत विणकाम, तेलाचा घाणा आणि बागेतल्या भाजीचा हिशेब रुपये-आण्यांत मांडलेला असे आणि उत्पन्नातून संस्थेचा खर्च किती सुटला हे अभिमानाने सांगितलेलं असे. रुग्णाचं वजन वाढलं, मुकाट्याने काम करू लागला, की तो ‘सुधारला’. त्याच्या मनात काय चाललंय, याला त्या हिशेबात जागा नव्हती.

म्हणूनच ‘बरे झाले’ या रकान्यातले आकडे पुरावा म्हणून नाचवणाऱ्यांनी शेजारचा ‘वेडाचं कारण’ हा रकाना पाहावा. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने, म्हणजे गांजा-भांगेची चौकशी करणाऱ्या सरकारच्याच आयोगाने, तो तपासला होता. १८९२ साली भरती झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग-चरस असं कारण होतं. आयोगाने एकेक प्रकरण उलगडलं तेव्हा जेमतेम ९८ उरले. घरचं माणूस सोबत नसलेल्या अनोळखी माणसाचं कारण पोलीस अंदाजाने लिहून देई, आणि तेच पुढे अहवालात शास्त्र म्हणून छापलं जाई. एक रकाना असा भरला जात असेल, तर दुसऱ्यावर डोळे मिटून कसा विश्वास ठेवायचा?

आता मृत्यू. मला सर्वांत जास्त संताप येतो तो याच मुद्द्याचा, कारण इथे मेलेल्यांवरच दोष ढकलला आहे. दुष्काळाच्या वर्षांत हाडांचे सापळे होऊन लोक आत येत, हे नाकारायचं कारण नाही. पण मृत्यूची कारणं काय लिहिली आहेत? आमांश, हगवण, पटकी, क्षय, अशक्तपणा. वेडाने माणूस असा मरत नाही. आमांश होतो तो दूषित पाण्याने आणि अन्नाने, शौचकूप आणि स्वयंपाकघर यांत अंतर न राखल्याने. क्षय पसरतो तो कोंदट बराकीत माणसं खेटून झोपवल्याने. शिवाय आपलं दुखणं धड सांगता न येणारा रुग्ण दोन दिवस जुलाबाने खंगला तरी वॉर्डरच्या लक्षात येईलच असं नाही.

हे फक्त हिंदुस्थानच्या हवामानाचं म्हणावं, तर इंग्लंडचंच उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या असायलममध्ये शिधा कापला, इमारती सैन्याला दिल्या आणि रुग्ण उरलेल्या जागेत कोंबले. १९१८ साली तिथे जवळपास पाचातला एक रुग्ण दगावला, युद्धापूर्वीच्या साधारण दुप्पट. चार वर्षांत लोक दुप्पट वेडे झाले नव्हते. ताटातलं अन्न आणि झोपायची जागा कमी झाली होती, आणि बळी घेतले ते मुख्यतः क्षय, आमांश अशा रोगांनी. रुग्ण ‘मरायलाच आले होते’ असं म्हटलं की त्यांना काय खायला घातलं, कुठे झोपवलं, हे विचारायचंच राहून जातं.

राहिला शेवटचा दावा, आपण बिघडवल्याचा. आजच्या मनोरुग्णालयांतली हेळसांड खरी आहे आणि तिचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण बिघडायला आधी काही चांगलं असावं लागतं. इंग्रजांनी जाता जाता काय सोडलं, हे त्यांच्याच माणसाने लिहून ठेवलं आहे. रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीसाठी देशभरच्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. तेव्हा ४० कोटी लोकांमागे खाटा होत्या सुमारे १०,०००. बहुतेक इमारती उपचारासाठी नव्हे, डांबून ठेवण्यासाठी बांधल्या आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि सर्वांत वाईट म्हणून त्यांनी नावं घेतली त्यांत ठाणे आणि नागपूर होतं. समितीचा अहवाल आला १९४६ साली. स्वातंत्र्य अजून यायचं होतं.