पुणेकर म्हणे हिमाचलात झोपडी बांधतो

वाद पेटवला पुणेकराने. तो आमच्याच गावचा, पण पुण्याच्या कंपनीत लागल्यापासून पारावर त्याचं हेच नाव. तान्हा पोळा आटोपला होता, पोरं लाकडी बैल काखेत मारून घरोघरून मिळालेले बोजाऱ्याचे पैसे मोजत होती, आणि हा सांगतो, "नोकरी सोडून राह्यलो. हिमाचलात वर, रस्ता संपते त्याच्याही पुढं, झोपडी बांधतो. माणसंच नको."

"अन् बायको?" ट्रॅक्टरने विचारलं. (नाव वेगळं आहे. ट्रॅक्टर घेतल्यापासून हेच.) पुणेकराने उत्तर टाळलं आणि मोबाइल काढला.

मोबाइलात डिक प्रोएनेके होता. अमेरिकेचा मेकॅनिक. १९६८ साली, पन्नाशी उलटल्यावर, अलास्कात ट्विन लेक्स नावाच्या तळ्याकाठी गेला. झाडं स्वतः तोडली, ओंडके एकमेकांत बसवले, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या केल्या. हत्यारं नेली ती दांड्यांशिवाय, दांडे तिथेच तासले. पत्र्याचे रिकामे डबे कापून भांडी केली. मग जवळपास तीस वर्षं त्याच घरात. खरं सांगतो, ते दार बघताना मीही तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा थांबलो. हात असावेत तर असे.

फॉरेस्टवाल्या काकांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून सगळं पाहिलं आणि एकच विचारलं, "मीठ कोन आनून देत होतं त्याले?"

"विमान यायचं ना काका. छोटं. तळ्यावर उतरायचं, सामान अन् टपाल घेऊन."

"मंग तो येकटा कायचा?"

इथून खरी जुंपली. काका वनरक्षक होते, मेळघाटात आतल्या कुटीवर पावसाळे काढलेले. तिथला भाद्रपद त्यांनी असा सांगितला: मीठ पाझरून डब्यात नुसतं पाणी होतं. काडी ओढली की गुलच गळून पडतो, म्हणून काडीपेटी तांदळाच्या डब्यात मधोमध खुपसून ठेवायची. सिपना नदी चढली की रेशन त्या काठाला आणि आपण या काठाला. "वाघाचं भेव दोन दिवसांत जाते. तेल संपलं का कोनतंच जंगल सुंदर दिसत नाई."

मास्तर वाचणारे माणूस. त्यांनी रशियातलं लिकोव्ह कुटुंब काढलं. धर्मापायी छळ झाला म्हणून हे लोक १९३६ साली सायबेरियाच्या पहाडात शिरले आणि १९७८ साली भूगर्भवाल्यांच्या हेलिकॉप्टरला दिसेपर्यंत तिथेच. मधे दुसरं महायुद्ध होऊन गेलं, यांना पत्ता नाही. १९६१ साली जूनमध्ये बर्फ पडलं, पीक गेलं, पोरांच्या तोंडी घास घालता घालता आई उपाशी मेली. त्यानंतर राय नावाच्या धान्याचं एकच रोप उगवलं. ते उंदरांपासून रात्रंदिवस राखलं, त्याचे १८ दाणे निघाले, आणि त्या १८ दाण्यांवर पुन्हा बियाणं उभं केलं. ट्रॅक्टरची यंदा दुबार पेरणी झालेली. दाण्यांचा आकडा ऐकून तो बराच वेळ बोलला नाही.

"अन् बाहेरच्या लोकांनी भेटी देऊ केल्या," मास्तर म्हणाले, "तेव्हा पहिल्यांदा त्यांनी घेतलं काय? मीठ."

काकांनी मांडीवर थाप मारली.

पुणेकर पेटला. "ते लपायले गेले होते. मी आवडीनं जाऊन राह्यलो."

आवडीने गेलेल्याचाही दाखला मास्तरांकडे तयार होता. ख्रिस मॅककँडलेस, वय २४, एप्रिल १९९२, अलास्काच. सोबत साडेचार किलो तांदूळ आणि बंदूक. जुलैत परत निघाला तर टेक्लानिका नदीला पूर. नदी ओलांडायला तारेवरचा पाळणा होता, तोही जवळच, पण याच्यापाशी नीट नकाशा नव्हता. ज्या पडीक बसमध्ये तो मेला ती पाहायला पुढे लोक जाऊ लागले, त्यांतल्या दोघी त्याच नदीत बुडाल्या. शेवटी २०२० साली बसच हेलिकॉप्टरने उचलून नेली.

प्रोएनेकेवर माझा राग नाही. त्याचं सामान आणणाऱ्या वैमानिकाचं नाव बेब अल्सवर्थ होतं आणि ते कुणाला ठाऊक नसतं, तक्रार तेवढीच.

"मले येक कळत नाई," ट्रॅक्टरला वाचा फुटली. "पाहाडातले लोक खाली येऊन राह्यले, अन् हा वर चालला." खोटं नाही. दिवाळी झाली की मेळघाटातले कोरकू आदिवासी कामासाठी खाली उतरतात, होळीला घरी जातात. उत्तराखंडात तर २०११ नंतरच्या सात वर्षांत ७३४ गावं पार ओस पडल्याचं तिथल्या सरकारी आयोगानेच सांगितलं. आणि ज्यांना राहायचं असतं त्यांचं काय होतं? मेळघाटातून उठवून अकोटकडे पुनर्वसन केलेले काही गावकरी २०१९ साली जंगलातल्या जुन्या जागेवर परत गेले, तर वनखात्याशी झटापट झाली. काका इथे जरा घुटमळले. खातं त्यांचंच.

कोणीतरी मेळघाटातल्या बैरागडच्या कोल्हे डॉक्टरांचं नाव काढलं. धारणीपासून ४० किलोमीटर पायी जाऊन बसलेला माणूस, तपासणी फी एक-दोन रुपये, २०१९ साली नवरा-बायको दोघांना पद्मश्री. पण ते माणसं टाळायला नव्हे, माणसांसाठी गेले, म्हणून ते उदाहरण पुणेकरानेच बाद केलं. बरोबर केलं.

"तुह्यं मीठ कोन आनन, ते सांग," काका काही सोडेनात.

"खालच्या गावातला पोरगा ठेवीन. महिन्यातून दोन खेपा."

"देशील किती?"

"पाच हजार."

"चढ केवढा?" ट्रॅक्टरने विचारलं.

"सहा-सात तास."

"पाच हजारात मी तुले खालून आवाज बी देनार नाई."

पुणेकर आठवर आला. काका म्हणाले, आठ हजार ठीक, पण तापानं फणफणलास तर खाली उचलून आणायला चार गडी लागतील, त्यांचे निराळे. ट्रॅक्टरने त्या चौघांचं जेवणही धरायला लावलं. मास्तर खर्ऱ्याच्या पुडीच्या कागदावर बेरीज मांडू लागले.