मुंबईला आधी एक छोटा कोस्टर हवाय

सध्या माझ्या फीडवर रोलर कोस्टरच्या बातम्यांना नुसतं उधाण आलंय. सौदीत किद्दियाच्या पार्कातला 'फाल्कन्स फ्लाइट', ताशी २५० किलोमीटर वेग, १९५ मीटर उंची. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू जर्सीतला ४५६ फुटांचा 'किंगडा का' सुरुंग लावून पाडला, तो व्हिडिओ तर ज्याला ज्याला मी कोस्टरवेडा आहे हे माहीत आहे त्या प्रत्येकाने पाठवला. मग चेन्नईच्या वंडरला पार्कातला कोस्टर. आमच्या मित्रमंडळीत यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चर्चा चालतात. कुणाचे किती 'क्रेडिट' झाले, म्हणजे किती वेगवेगळ्या कोस्टरमध्ये बसून झालं, अबू धाबीला कोण जाऊन आलं, तिथल्या 'फॉर्म्युला रोसा' या कोस्टरला गॉगल लावल्याशिवाय का बसू देत नाहीत. या सगळ्यात मी हिरिरीने असतो आणि पुढेही असणार आहे.

पण एक प्रश्न या चर्चांमध्ये कुणीच काढत नाही, म्हणून तो इथे काढतोय. बोरिवलीत, परळला, घाटकोपरला राहणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला आयुष्यातला पहिला कोस्टर आज कुठे मिळणार?

आमच्या पिढीला तो गोराईला मिळाला. एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन पार्क तिथे १९८९ साली सुरू झालं. शाळेच्या सहलीचं पत्रक घरी आलं की आईच्या मागे भुणभुण सुरू. बोरिवली स्टेशनबाहेरून बस, मग जेट्टी, मग खाडीतून बोट. बोटीतूनच पलीकडचे पाळणे दिसायला लागायचे आणि पोरं एका बाजूला गर्दी करायची, बोटवाला ओरडायचा. तिथला 'झिपर डिपर' हा छोटा कोस्टर आठवतोय? आजच्या हिशोबाने अगदीच साधा. पण माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी डोळे घट्ट मिटून पहिल्यांदा उतार झेलला तो तिथे. त्यातली काही मग त्याच दिवशी 'हुला लूप' या मोठ्या कोस्टरच्या रांगेत उभी राहिली. काही नाही राहिली, पुढच्या वर्षी राहिली. कुणी जबरदस्ती केली नाही. छोटा होता, मोठा होता, मधले होते, आपापल्या छातीप्रमाणे चढायचं.

कोविडनंतर ते बंद झालं आणि आज त्या जागेवर कोस्टर चालत नाही. त्यामागचा व्यवसायाचा हिशोब मला मांडायचा नाही. मला एवढंच दिसतंय की मुंबईच्या हद्दीतली कोस्टरची पहिली पायरी गेली आणि तिच्या जागी कुणी दुसरी बसवली नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, इमॅजिका आहे की! आहे, आणि त्याबद्दल मी कुठेही, कुणाशीही भांडायला तयार आहे. २०१३ पासून आपल्या खोपोलीजवळच्या या पार्कात 'नायट्रो' हा कोस्टर उभा आहे. बोलिजर अँड माबियार्ड या स्विस कंपनीचा. ज्यांना कोस्टरमधलं कळतं त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. जगातले सगळ्यात गुळगुळीत, सगळ्यात विश्वासू कोस्टर ज्यांनी बांधले त्यांच्यात ही मंडळी वरच्या ओळीत. १३२ फुटांची उंची, ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं. एका ओळीत चौघं बसतात, पट्टे लागतात आणि मग पायाखालची जमीनच बाजूला सरकते. पाय लोंबकळत राहतात. पुढच्या ओळीत बसलात तर समोर काहीही नसतं, फक्त रूळ आणि मागे सह्याद्री. पावसाळ्याच्या तोंडावर डोंगर हिरवे व्हायला लागलेले असतात तेव्हा ती पहिली उडी घेऊन बघा. मी अबू धाबीचे फोटो टाकणाऱ्यांना नेहमी विचारतो, बाबा रे, नायट्रोवर बसलायस का? निम्म्यांचं उत्तर 'नाही' येतं आणि मला खरोखर वाईट वाटतं.

पण नायट्रो हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे.

मागच्या मे महिन्यात भाचीला घेऊन गेलो होतो. ती नऊ वर्षांची. नायट्रोच्या दारातल्या उंचीच्या पट्टीशी ती टाचा उंचावून उभी राहिली. तिथल्या ताईंनी हसून तिच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. कमी पडली. मग आम्ही दोघं खालीच कठड्याला टेकून गाडी चढताना बघत बसलो. चढावर कट-कट-कट आवाज येत होता. "मामा, हे काय वाजतंय?" मी सांगितलं, गाडीखाली एक खिट्टी असते, ती चढावरच्या दात्यांवरून घसरत पुढे जाते, पुढे जाताना वाजते, मागे जायला लागली तर दात्यात अडकते. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे साखळी तुटली तरी गाडी तिथेच थांबणार?" हो, तिथेच थांबणार. "मग लोक इतके का घाबरतात?" एवढं बोलून ती स्वतः 'गोल्ड रश एक्स्प्रेस' या तिथल्याच सौम्य कोस्टरच्या रांगेकडे निघाली. तोपर्यंत ती मला 'मी कशातच बसणार नाही' असंच सांगत होती. त्या दिवशी ती त्यात परत परत बसली आणि प्रत्येक वेळी शेवटच्या डब्याचा हट्ट धरला, कारण तिला कळलं होतं की मागे जास्त मजा येते.

तिचं बरोबर होतं. पुढचा डबा चढावाच्या माथ्यावर जरा रेंगाळतो, कारण मागचे डबे अजून चढत असतात. शेवटचा डबा माथ्यावर येतो तेव्हा पुढची अख्खी गाडी उतरायला लागलेली असते आणि ती याला जोरात खेचून नेते. तेव्हाच सीटवरून अंग क्षणभर सुटतं. यालाच आम्ही एअरटाइम म्हणतो, आणि सगळं वेड तेवढ्यासाठी. त्यासाठी १९५ मीटर लागत नाहीत. नीट काढलेला तीस फुटांचा उंचवटाही पुरतो.

आणि गाडी रुळावरून उचलली का जात नाही? कधी रांगेत उभे असाल तर वर न बघता चाकांकडे बघा. एक जोडी रुळाच्या वर, एक बाजूला, आणि एक रुळाच्या खाली. खालची चाकं १९१९ साली जॉन मिलर या अमेरिकन माणसाने पेटंट केली. त्यांच्यामुळे गाडी रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असते. शंभर वर्षं झाली, आजही मोठ्या काय आणि छोट्या काय, कोस्टरचा जीव त्या खालच्या चाकांत असतो. शाळेत गुरुत्वाकर्षणाचा धडा असतो, गतिज आणि स्थितिज ऊर्जेचा असतो. एक छोटा कोस्टर आणि एक समजावून सांगणारा माणूस मिळाला तर तो धडा पोरांना जन्मात विसरता येणार नाही.

छोटा म्हणजे दुय्यम, हा समज आधी आपल्या चाहत्यांच्या डोक्यातून जायला हवा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडला पैशांची काय कमी? तरीही १९९३ साली त्यांनी मुलांच्या विभागात जेमतेम २८ फुटांचा कोस्टर बसवला आणि तो आजही चालतो, फक्त नाव बदललंय. त्यांना ठाऊक आहे की आज त्यात बसलेलं पोरगं दहा वर्षांनी मोठ्याच्या रांगेत येणार आहे.

त्याहून मला भावतं ते टोकियोचं उदाहरण. असाकुसा म्हणजे तिथला जुना, दाटीवाटीचा भाग, आपल्या गिरगावाची आठवण यावी असा. तिथे हानायाशिकी नावाचं पार्क आहे, १८५३ सालचं, सुरुवातीला फुलबाग होती. जागा किती? दीड एकराच्या आसपास! त्यात १९५३ सालचा रोलर कोस्टर आहे, जपानमधला चालू असलेला सगळ्यात जुना. उंची १३ मीटर, वेग ताशी ४२ किलोमीटर. आपली लोकलही यापेक्षा जोरात धावते. तो इमारतींच्या अगदी अंगाला घासून जातो, वळणावर वाटतं आता कुणाच्या तरी भिंतीला लागतोय. आजोबांनी लहानपणी जिथे आरोळी ठोकली तिथे नातू ठोकतो. आपल्याकडे जागा नाही हे कारण देणाऱ्या प्रत्येकाला मी या पार्कचा नकाशा दाखवतो.

आणि न्यूयॉर्कचा कोनी आयलंड. तिथला 'सायक्लोन' १९२७ सालचा, लाकडी, ८५ फुटांचा. शहराने त्याला वारसा म्हणून जपलाय. मेट्रोने समुद्रकिनाऱ्यावर उतरायचं, चालत जायचं आणि एका फेरीचे पैसे देऊन बसायचं. दिवसभराचं तिकीट घ्यायची सक्ती नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चौघांच्या कुटुंबाला द्रुतगती मार्गावरून गाडी काढायची, टोल भरायचा, चार तिकिटं, आत जेवण, हा वर्षातून एकदाचा बेत होतो, अनेकांचा तर कधीच होत नाही. खोपोली लोकलने जाता येतं, मी जातोही, पण त्या लोकल मोजक्या आणि स्टेशनपासून पुन्हा रिक्षा. शनिवारी संध्याकाळी चौपाटीवर भेळ खावी तसं सहज जाऊन एक फेरी मारून घरी यावं, हे मुंबईकराला आज शक्यच नाही.

मग पोरांना मिळतं काय? मॉलमधल्या गेम झोनमध्ये कार्ड स्वाइप करून गोल फिरणारी गाडी. नाहीतर जत्रा. माऊंट मेरीची, माहीमच्या उरुसाची. जत्रेवर माझं प्रेम आहे, आकाशपाळण्यात बसून दिवे बघण्यासारखं सुख नाही. पण जत्रेतली ड्रॅगन ट्रेन मोटारवर गोल फिरते, तिला उतार नसतो, तिला कोस्टर म्हणता येत नाही. शिवाय जत्रेतला पाळणा आज इथे, आठवड्याने दुसऱ्या गावी, प्रत्येक वेळी नट-बोल्ट नव्याने. २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावरून पाळणा थेट खाली आपटला. मात्र कायमस्वरूपी जागा म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियाला झोके घेणारी राइड मधूनच तुटली, दोघांचा जीव गेला. गेल्या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२५ मध्ये, दिल्लीत एका पार्कात कोस्टरवरून पडून तरुण मुलगी गेली. हे वाचून आई-बाप घाबरतात, आणि त्यांनी घाबरावंच. म्हणूनच मी म्हणतो ती राइड एका जागी पक्की हवी, नामांकित कंपनीची हवी आणि रोज सकाळी रिकामी पळवून, चाकं-ब्रेक तपासून, सही करून मगच सुरू व्हायला हवी. ती तपासणीची वही दाराशी लोकांना दिसेल अशी टांगलेली असावी. एवढी मागणी आपण चाहत्यांनी नाही करायची तर कुणी? आम्हाला तर लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा, आणि खांद्यावरचा पट्टा यांतला फरक झोपेतही सांगता येतो.

घरी हा विषय काढला की दादा म्हणतो, "इथे धड फूटपाथ नाही आणि तुला कोस्टर सुचतोय." फूटपाथ हवाच. पण या शहराने कुठल्याही काळात फक्त गरजेच्याच गोष्टी बांधल्या का? तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं, राणीची बाग तर त्याहून कितीतरी जुनी. कुणीतरी ठरवलं म्हणून ते उभं राहिलं, आणि चाळीतली, झोपडपट्टीतली, टॉवरमधली पोरं एकाच काचेला नाक लावून मासे बघू शकली. कोस्टरच्या रांगेतही तसंच असतं. लॅप बार खाली आला की शेजारी कोण बसलंय याने काही फरक पडत नाही, दोघंही एकाच सुरात किंचाळतात.

बाग तोडून किंवा मैदान खाऊन कोस्टर नको, हे आधीच सांगतो. मैदानं तर आधीच संपत चालली आहेत. पण पूर्व किनाऱ्यावर बंदराची जुनी गोदामं आणि मोकळ्या जागा पडून आहेत, त्यांचं काय करायचं यावर वर्षानुवर्षं आराखडे होतात. त्यात मनोरंजन म्हटलं की मरिना आणि रेस्टॉरंट येतं. हार्बर लाइनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी दीड-दोन एकर, एक तीस-चाळीस फुटांचा कौटुंबिक कोस्टर, फेरीप्रमाणे तिकीट, महापालिकेच्या शाळांना आठवड्यातला एक दिवस राखीव. एवढंच मागतोय मी. जगातले विक्रम सौदीला मोडू देत.

ज्यांच्याकडे एस्सेलवर्ल्डचे, विशेषतः झिपर डिपरचे जुने फोटो असतील त्यांनी खाली टाका, सहलीचे ग्रुप फोटोही चालतील. आणि महाराष्ट्रात तुमच्या जवळपास कुठेही छोटा, खऱ्या उताराचा कोस्टर चालू असेल तर त्याचं नाव, गाव, उंचीची अट आणि एका फेरीचं किंवा प्रवेशाचं तिकीट लिहा. तिथे पट्टा लावल्यावर माणूस हाताने ओढून बघतो का, तेही लिहा. मी सगळं एकत्र करून दिवाळीच्या सुट्टीआधी इथेच पोस्ट करेन, म्हणजे ज्यांना मुलांना न्यायचं आहे त्यांना शोधत बसावं लागणार नाही.