लसही हवी, भरपाईही हवी

मुलांच्या लशींमुळे झालेल्या इजेची नुकसानभरपाई हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारनेच पैसे दिले म्हणजे लस घातकच. दुसऱ्याला प्रत्येक दावेदार लसविरोधक वाटतो. ज्या मुलाला खरोखर इजा झाली, ते या भांडणात बाजूलाच राहतं आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीवरून तिथे इतके खटले झाले की कंपन्या लस बनवणंच सोडू लागल्या. म्हणून १९८६ मध्ये कायदा झाला आणि १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली. लशीच्या डोसमध्ये जितक्या रोगांपासून संरक्षण, तितके ७५ सेंट कर. म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका डोसवर सव्वादोन डॉलर. हा पैसा एका निधीत जातो आणि भरपाई त्यातून मिळते. कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. रोटाव्हायरसच्या पहिल्या किंवा दुसऱ्या डोसनंतर २१ दिवसांच्या आत बाळाचं आतडं आतड्यात शिरून अडकलं, तर कारण लसच असं धरून चालतात. दुसरं कारण असेल तर ते सरकारने दाखवायचं. दावा प्रामाणिक आणि सबळ असेल तर हरल्यावरही वकिलाची फी निधीतून मिळू शकते. मला हे फार माणुसकीचं वाटतं.

पण भरपाई मिळाली म्हणजे लशीने इजा केली हे सिद्ध झालं, असं नव्हे. बरेचसे दावे तडजोडीने मिटतात आणि त्यात सरकार कारण मान्य करतंच असं नाही. लशीमुळे मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आली असे ५,००० हून अधिक दावे दाखल झाले होते. त्यातले नमुना म्हणून निवडलेले दावे २००९ आणि २०१० मध्ये पुराव्यांची कसून तपासणी होऊन फेटाळले गेले. ज्या १९९८ च्या शोधनिबंधाने ही भीती पसरवली, त्याच्या मुख्य लेखकाला ब्रिटनमध्ये लसकंपन्यांविरुद्ध दावे लढवणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळत होते. तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्या पालकांची आशा ज्यांनी अशी वापरली, त्यांना मी माफ करू शकत नाही.

त्रिगुणीनंतर मेंदूला इजा झाली असं मानलेल्या १४ जणांची जनुकं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासली. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. ११ जणांत आकडीच्या एका गंभीर आजाराशी निगडित जनुकीय दोष सापडला. लशीनंतर आलेल्या तापाने पहिली आकडी लवकर येऊ शकते, पण आजार मुळात तिथे होताच. आईबाप खोटं बोलत नव्हते. त्यांनी सुई पाहिली, मग आकडी पाहिली. त्यांच्या जागी मीही तोच संबंध जोडला असता.

म्हणून माझं म्हणणं असं की शंकेचा फायदा मुलाला द्यावा आणि विज्ञानाचा निर्णय विज्ञानावर सोडावा. अमेरिकेत दर दहा लाख डोसमागे साधारण एकाला भरपाई मिळते, इतकं हे प्रमाण कमी आहे. मग हात आखडता कशाला? वेदनांसाठी आणि मृत्यूसाठी अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा १९८६ मध्ये ठरली, ती आजही तीच. इजेचा दावा पहिल्या लक्षणापासून तीन वर्षांत करायचा; योजना आहे हेच माहीत नसलेल्या पालकांची मुदत कधी संपते ते त्यांना कळतही नाही. निवाडे देणारे विशेष अधिकारी कायद्याने जास्तीत जास्त आठ. ब्रिटनमध्ये तर ६० टक्के अपंगत्व असेल तरच १,२०,००० पौंड, तेही एकरकमी. ५५ टक्के अपंगत्व आलेल्या मुलाच्या आईला काय सांगायचं, हे ती अट घालणाऱ्यांनी तिच्यासमोर बसून सांगावं.