साठीनंतरही कच्च्या वाटेची मजा वेगळीच
साठीनंतरच्या सायकलिंगवरचा तुमचा लेख आवडला, पण साठीनंतर सायकल फक्त सपाट डांबरी रस्त्यावरच चालवावी हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. मी बासष्ट वर्षांचा आहे, पुण्यात राहतो, आणि मला खरा आनंद मिळतो तो वेताळ टेकडीवर नाहीतर मुळशीकडच्या कच्च्या वाटांवरच. डांबरी रस्त्यावर मागून येणाऱ्या डंपरची जी धास्ती असते ती तिथे नसते, वेग कमी असतो आणि पडलो तरी बहुतेक वेळा मातीत पडतो.

आता सायकलीही खूप बदलल्यात. २९ इंची चाक दगडावरून सहज जातं, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक एका बोटाने लागतात म्हणजे मनगटं दुखत नाहीत, आणि मागच्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, ५०-५१ दातांचं मोठं चक्र असलं की चढावर गुडघ्यांना त्रास होत नाही, हळूहळू का होईना पण बसूनच वर पोचता येतं. टायरमधे हवा मात्र ठासून भरू नका, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर थोडी कमीच ठेवा, पकड लगेच वाढते. सगळ्यात जपायचं ते उन्हाळ्यातल्या सुट्या मुरुमावर आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर, तिथे पुढचा ब्रेक करकचून दाबायचाच नाही. उतार अवघड वाटला तर मी सरळ उतरून सायकल हातात धरून चालतो, तरुण पोरं थांबून विचारतात, काका ठीक ना? फार बरं वाटतं. आणि टेकडीवर सकाळी चालणारे असतात, त्यांना आधी वाट द्या, घंटी लावाच.