एक म्हंजे पयला नंबर

सौर पंपाच्या कंट्रोलरची माहिती मी इंटरनेटवर लिहितो. पंप विहिरीत, कंपनी शहरात, आणि मी दारव्हा तालुक्यात. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘ही माहिती उपयोगी पडली का?’ असं विचारून एक वरचा अंगठा आणि एक खालचा अंगठा ठेवलाय. वरच्याला सहसा कोणी हात लावत नाही. ज्याचं काम झालं तो मोबाइल खिशात कोंबून ओलिताला लागतो. अडलेला तेवढा खालचा अंगठा दाबतो आणि शेरा लिहितो : ‘सोयाबीनले भाव द्या.’

‘‘तुम्ही गावातच राहता, लोकांना विचारा की,’’ ऑफिसातून हुकूम सुटला. सोबत एक ते पाच गुणांची प्रश्नावली. ही पट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली काढली. आमच्या शेजारच्या काकांशी त्याची गाठ पडली नाही, हे त्याचं नशीब. काकांनी सगळीकडे एकवर बोट ठेवलं.

‘‘काका, इतकं वाईट आहे?’’

‘‘वाईट काहून? एक म्हंजे पयला नंबर ना!’’

पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकाने एकच दिला. पाच जणांना वापरताना नीट पाहिलं तरी ८५ टक्के अडचणी हाती लागतात, असा हिशेब वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली मांडला होता. माझ्याकडे पारभर माणसं होती, पण मत एकच. जो आधी बोलला त्याचं. एकेकट्याला घरी गाठावं, तर आधी चहा येतो आणि मग ‘‘बेस लिवलं जी!’’ दारी आलेल्याला आमच्याकडे कोणी नावं ठेवत नाही. पान उघडून पाहिलं का, तर ‘‘पोरगं पायते.’’

शेवटी कागद गुंडाळले आणि एका ओळखीच्या वावरात जाऊन नुसता बसलो. पंप बंद, कंट्रोलरवर ‘ड्राय रन’. भाऊंनी डोक्यावरचा दुपट्टा मोबाइलवर ओढून उन्हाची आड केली आणि पान उघडलं. आधी कंपनीचे आभार, मग वॉरंटीच्या अटी (दोन्ही ऑफिसच्या आग्रहाने). अंगठा सरसर खाली चालला आणि ‘विहिरीतलं पाणी खाली गेलं आहे, भरू द्या’ हे वाक्य ओलांडून पार तळाला गेला. मदत करायची नाही असा नियम, म्हणून मी ओठ आवळून बसलेलो.

‘‘काय सांगून रायलं हे?’’ म्हणत त्यांनी भाच्याला फोन लावला.

‘‘मामा, इहिरीतलं पानी खाली गेलं असन. थांबा थोडं.’’

याच पानावर वाचक फार वेळ रेंगाळतात म्हणून ऑफिस खूश होतं.

भांडून ते एक वाक्य वर नेलं, शेजारी ‘ड्राय रन’चा फोटो. आता लोक पान उघडतात, बघतात, बंद करतात. परवा ऑफिसचा मेल आला : वाचक इतक्या लवकर पान का सोडतात, यावर गावात अभिप्राय गोळा करा. सोबत नवी प्रश्नावली, एक ते दहा गुणांची.