कारचं ऑइल बाईकला चालतं हा मेसेज चुकीचा आहे

मागच्या आठवड्यात मी जो मेसेज फिरवला ना, "१०० सीसीच्या बाईकला कारचं उरलेलं ऑइल टाका, ग्रेड सेम असली की झालं", तो चुकीचा आहे, आणि पाठवला मीच म्हणून निस्तरतोय पण मीच.

ग्रेड म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे, ते फक्त ऑइल किती पातळ-जाड एवढंच सांगतं. आपल्या गिअरच्या बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, कारचं तसं नसतं, म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी केमिकल्स टाकतात आणि तीच आपल्या क्लच प्लेटा सटकवतात. माझ्या गाडीचं तेच झालं, चढावर तिसऱ्यात रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी काय उचलत नाही. मेकॅनिकने डबा उलटा करून बारीक अक्षरं दाखवली तेव्हा कळलं.

डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (JASO MA/MA2, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारं ऑइल, जपानी स्टँडर्डप्रमाणे) लिहिलेलं बघा. 'एमबी' असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं, ते पण नको. ज्यांनी ऑलरेडी टाकलंय त्यांनी काढून योग्य ऑइल भरा, तरी सटकत असेल तर प्लेटा चेक करून घ्या.

जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.